रेपेचेजआधीचा निर्णय

खंडीय ज्युदो संघ म्हटले की स्पर्धा भरवणारी आणि पदके वाटणारी संस्था एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. या संघाची जागा मधली आहे. वर १९५१ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ, जो नियम ठरवतो. खाली देशोदेशींच्या राष्ट्रीय संघटना, ज्या खेळाडू घडवतात. युरोप, आशिया, आफ्रिका, पॅन-अमेरिका आणि ओशनिया असे पाच खंडीय संघ आहेत आणि त्यांतला युरोपचा संघ १९४८ चा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाहूनही जुना आहे. पंचांना तयार करणे, प्रशिक्षकांची शिबिरे घेणे, खंडीय अजिंक्यपद स्पर्धा चालवणे ही कामे आमच्याकडे, म्हणजे खंडीय संघाकडे असतात. नियम बदलण्याचा अधिकार आमचा नाही, मात्र नियम एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या तोंडावर सांगण्याची वेळ आमच्यावरच येते. अशा एका दिवसाविषयी मला लिहायचे आहे.

स्पर्धा कॅडेट गटाची, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलामुलींची होती आणि मी तांत्रिक अधिकारी म्हणून स्पर्धा-नियंत्रणाच्या टेबलावर होते. मुलींच्या ५२ किलो वजनगटातली उपांत्यपूर्व फेरीची लढत सुरू होती. निळ्या ज्युदोगीतली, म्हणजे ज्युदोच्या पोशाखातली, मुलगी गुणांवर पुढे होती, पण एक फेक अर्धवट राहिली आणि ती गुडघ्यांवर आली. पांढऱ्या ज्युदोगीतल्या मुलीने त्याच क्षणी पाठीमागून तिच्या कॉलरीत हात सरकवला आणि ओकुरी-एरी-जिमे हा गळा आवळण्याचा डाव बांधला. या डावात गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर दाब येतो, मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते आणि वेळेत सुटका झाली नाही तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते. निळ्या मुलीचा उजवा हात उचलला गेला, मॅटला एकदा लागला आणि तिथेच पडून राहिला. मुख्य पंच लगेच वाकल्या, त्यांनी इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, दिला आणि पकड सोडवली. मुलगी काही क्षणांत उठून बसली, तिने पट्टा नीट केला, वाकून अभिवादन केले आणि स्वतःच्या पायांनी मॅटबाहेर गेली. प्रेक्षागृहातल्या बहुतेकांना काही वेगळे घडल्याचे कळलेदेखील नाही.

ज्युदोत उपांत्यपूर्व फेरीत हरलेला खेळाडू स्पर्धेतून बाहेर पडत नाही. त्याला रेपेचेजची लढत मिळते आणि ती जिंकली तर कांस्यपदकासाठी खेळता येते. शिवाय कांस्यपदके दोन असतात, म्हणजे या मुलीपुढे पदकाची वाट अजून उघडी होती. परंतु कॅडेट गटासाठी एक नियम मुद्दाम घातलेला आहे : गळा आवळण्याच्या डावात ज्याची शुद्ध गेली, त्याला त्या स्पर्धेत पुढे खेळता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा त्या धोक्यात उभे करायचे नाही, असा त्याचा साधा अर्थ मी समजते.

तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे होते की मुलगी बेशुद्ध झालीच नाही, तिने टॅप करून हार मान्य केली. तसे असेल तर तो नेहमीसारखा पराभव ठरत होता आणि रेपेचेज खेळायला तिला कोणतीही आडकाठी नव्हती. टेबलावर चित्रफीत पुन्हा पुन्हा, सावकाश पाहिली गेली. हार मान्य करताना हाताने किंवा पायाने दोन वा अधिक वेळा टॅप करावे किंवा तसे तोंडाने म्हणावे, असे नियम सांगतो. चित्रात हात एकदाच मॅटला लागलेला दिसत होता. तो टॅप होता की पडलेला हात होता, हे केवळ चित्र पाहून कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नसते, आणि म्हणून पर्यवेक्षकांनी डॉक्टरांचे मत मागवले.

वैद्यकीय कक्षात मीही गेले. मुलीच्या मानेवर कॉलरीच्या कडेची लाल रेघ उमटली होती आणि ती दोन्ही हातांनी पट्ट्याची टोके धरून बसली होती. डॉक्टरांनी नाव, वजनगट, प्रतिस्पर्धीचा देश विचारला. सगळी उत्तरे बरोबर आली. मग त्यांनी विचारले, "इप्पोन दिला तेव्हा पंच तुझ्या कोणत्या बाजूला होत्या?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ते मला आठवत नाही. गळ्याशी तिची बाही आली, तेवढे आठवते, आणि मग वरचे दिवे दिसले." प्रशिक्षक दाराशीच उभे होते. त्या उत्तराने आपले पदक जाणार, हे तिला कळत असावे असे मला वाटते, तरीही तिने शब्द फिरवला नाही. प्रामाणिकपणा हे ज्युदोच्या मूल्यांपैकी एक आहे आणि आमच्या प्रत्येक स्पर्धेच्या फलकावर ते छापलेले असते. त्या दिवशी ते पाळण्याची सर्वांत मोठी किंमत तिने दिली.

खरी ओढाताण त्यानंतर झाली. तिच्या देशाच्या संघटनेचे एक पदाधिकारी माझ्याकडे आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही आमच्याच खंडाचा संघ आहात. मुलगी ठणठणीत आहे, तुम्ही तरी समजून घ्या." त्यांच्या बोलण्यात धमकी मुळीच नव्हती, आणि त्यामुळेच नाही म्हणणे अवघड होते. खंडीय संघाचे पदाधिकारी याच राष्ट्रीय संघटनांच्या मतांवर निवडून येतात. शिबिरांत आम्ही एकत्र राहतो, एकमेकांना नावाने ओळखतो. ज्यांना नियम लावायचा त्यांच्याच विश्वासावर ज्याचे अस्तित्व उभे आहे, अशा संस्थेला एक सवलत दिली की दुसरी नाकारण्याचे तोंड उरत नाही. दुसरी सवलत मागणाऱ्याचे मूल कदाचित इतके ठणठणीत नसेल. आदर आणि मैत्री ही मूल्येदेखील त्याच फलकावर आहेत. माझ्या मते त्यांचा अर्थ इथे एवढाच की नकार द्यावा, पण तो कारणांसकट, समोर बसून द्यावा.

तसेच केले. पर्यवेक्षक, डॉक्टर आणि मी प्रशिक्षकांसोबत बसलो, चित्रफीत त्यांना दाखवली, नियम वाचून दाखवला आणि मुलीलाही तिच्या भाषेत सर्व सांगितले. ती रडली. तिने एकच विचारले, "माझ्या पुढच्या स्पर्धेवर याचा परिणाम होईल का?" ही बंदी या स्पर्धेपुरती आहे आणि पुढचे डॉक्टर ठरवतील, असे आम्ही तिला सांगितले. रेपेचेजमधल्या तिच्या प्रतिस्पर्धीला प्रतिस्पर्धी हजर नसल्यामुळे मिळणारा विजय, फुसेन-गाची, देण्यात आला.

संध्याकाळी प्रशिक्षकांनी चित्रफितीची प्रत मागितली. त्यांना तक्रार करायची असेल असे मी गृहीत धरून अर्जाचा नमुनाही पुढे केला. त्यांनी तो परत केला. ती पकड बसल्यावर टॅप किती लवकर करायचा, हे त्यांना आपल्या बाकीच्या मुलांना दाखवायचे होते. मुलीची ओळख झाकून तीच चित्रफीत आमच्या पुढच्या प्रशिक्षक-शिबिरात वापरायची परवानगी त्यांनी आणि तिच्या पालकांनी लेखी दिली.