रील का नाही, अख्खी कथा का?

इंटर्नशिपमध्ये पिंगुळीला चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगायची कला, शूट केली असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, एवढी लांब फिल्म कोण बघणार, छोट्या रील्स का नाही केल्यास? तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

पिंगुळी म्हणजे कुडाळच्या जवळ, सिंधुदुर्गात. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या हे सगळं पिढ्यानपिढ्या सांभाळलंय, एकेकाळी सावंतवाडी संस्थानाचा आधार होता, तो गेल्यावरही सांभाळलंय. परशुराम गंगावणे यांनी तर घरच्या गोठ्यातच म्युझियम उभं केलं, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहुल्यांचे व्हिडिओ त्यामुळे बरेच सापडतात. चित्रकथी मात्र बहुतेक वेळा फोटोतच दिसते, आणि मला तेच खटकतं.

कारण चित्रकथीची पोथी म्हणजे नुसती चित्रं. सुटी पानं, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका पोथीत एक आख्यान. सांगणारा एक चित्र आपल्यासमोर उभं धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक (छोटं चर्मवाद्य) यांच्या साथीने गातो, मग बोलून समजावतो, परत गातो, आणि मग कुठे पान उलटतं. रामायणातलं युद्ध चालू असतं तेव्हा चित्र जागचं हलत नाही हो, हलतो तो आवाज, आणि आपले डोळे त्या आवाजामागून चित्रभर फिरत राहतात, आत्ता रथ, आत्ता धनुष्य, आत्ता कोपऱ्यातला तो छोटा वानर. मी दर तीन सेकंदाला क्लोजअप कापून लावला तर हे फिरणं मीच काढून घेतलं ना प्रेक्षकाकडून?

दुसरं, आणि माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. चित्रं काचेमागे जपता येतात, पण कुठल्या पानावर कुठलं पद, कुठे थांबायचं, कुठे रडवायचं हे गाणाऱ्याच्या गळ्यात असतं. घरातल्या पुढच्या पोरांना शिकायचं असेल तर त्यांना अख्खी कथाच लागणार, तुकडे नाही.

म्हणून एक कॅमेरा ट्रायपॉडवर समोर, पूर्ण प्रयोगभर न थांबवता, आणि दुसरा फक्त हातांवर. ट्यूबलाइट होती म्हणून शटर स्पीड 1/50 सेकंद, नाहीतर चित्रावर फ्लिकरचे, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्याचे, पट्टे येतात. माइक गाणाऱ्याला वेगळा लावा, हुडूक जवळ असला की शब्द खातो, आणि इथे शब्द गेला तर काय उरलं. कॅमेरा कुठलाही चालेल, खरंच, पैसे माइकवर घाला.

रील्सच्या विरोधात नाहीये मी, रील बघून कुणी पिंगुळीला गेलं तर आनंदच आहे. पण त्या नंतर कधीही कापता येतील. रॉ फुटेजची एक हार्डडिस्क त्या कुटुंबाकडे दिलीय, कुठलं पान कितव्या मिनिटाला येतं त्याच्या यादीसकट.