पर्मियन शिंपले चुनखडकातून आम्लाने सोडवताना

पर्मियन काळातला (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीचा) ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचाचा समुद्री प्राणी, नीट ओळखायचा तर त्याचं बाह्यरूप पुरत नाही. बाहेरून जुळ्यासारखे दिसणारे दोन शिंपले आतून पार वेगळे निघतात. स्नायूंच्या खुणा, बिजागरीचे दात, अन्न गाळणाऱ्या अवयवाला आधार देणारी वेटोळी यांवरच वर्गीकरण ठरतं, आणि नेमका हाच भाग चुनखडकाने गच्च भरलेला असतो.

काही थरांत कवचातल्या कॅल्साइटची (चुनखडकातल्याच खनिजाची) जागा आम्लात न विरघळणाऱ्या सिलिकाने घेतलेली असते. अशा दगडातला चुना आम्लात विरघळतो आणि कवच मागे राहतं. टेक्सासच्या ग्लास माउंटन्समधला चुनखडक अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या आर्थर कूपर आणि रिचर्ड ग्रँट यांनी टनावारी विरघळवला तो याच पद्धतीने. प्रॉडक्टिडांचे (काटेरी कवचाच्या ब्रॅकिओपॉडांचे) बारीक काटे तिथे अजून कवचाला चिकटलेले मिळतात. हातोडी-छिन्नीने ते कधीच हाती लागले नसते.

आधी छोटी कपची 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून पाहा. तळाशी नुसता भुगा उरला तर सिलिका अर्धवटच शिरलेली आहे. मग मोठा दगड आम्लात घालू नका. कवच टिकलं तर दगड प्लास्टिकच्या टबात जाळीवर ठेवा, म्हणजे सुटलेले तुकडे गाळात हरवत नाहीत. दगड बुडेल इतकं पाणी आधी, मग त्यात थोडं थोडं आम्ल. उलट क्रम कधीही नको. काम उघड्यावर किंवा धूर ओढणाऱ्या कपाटात करा, हातमोजे आणि चष्मा घालूनच. घाईने आम्ल वाढवलं की बुडबुड्यांच्या जोरानेच काटे मोडतात. फेस थांबला की द्रव ओतू नका, नळीने हळू काढा.

सगळ्यात जास्त नमुने खराब होतात ते धुण्यातल्या आळसाने. कवचात राहिलेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं आणि शेवटी द्यायचा संरक्षक लेप धरत नाही. पाणी बदलत काही दिवस भिजवा. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरं गढूळपण आलं तर अजून धुवायचं आहे. पूर्ण वाळल्यावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ लेप द्या.

कवचावर एकात एक गोल कडी दिसली तर ती वाढरेषा समजू नका. ती सिलिकाची, म्हणजे बीकाइटची वलयं. बारीक नक्षी त्यांच्याखाली झाकली जाते. लिंग्युला या ब्रॅकिओपॉडासारखी फॉस्फेटी कवचं असतील तर हायड्रोक्लोरिक टाळा, ते कवचही खातं. तिथे पातळ ॲसिटिक आम्ल वापरावं.

सिलिका नसेल तर शिंपला थोडा थोडा घासून प्रत्येक पातळीचा ॲसिटेटच्या पातळ प्लास्टिक पत्र्यावर ठसा घ्यावा लागतो. यात नमुना कायमचा संपतो. म्हणून घासण्याआधी फोटो, मापं आणि साच्यातून प्रतिकृती, तिन्ही करून ठेवा.