बाजूला ठेवलेली पोटं

"नको" एवढंच म्हणायचं होतं. ते आज माझ्याच्यानं झालं नाही आणि संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

पोळा झाला, बाजार पुन्हा भरायला लागला. भाजी घेऊन मी माघारी वळले तर कौशीबाईनं लांबूनच हाक मारली. "मॅडम, पोटं ठेवले जी बाजूले. मरळीचे हायेत, सकाळचेच." पाटीमागून पिशवी काढली. तोंडाला गाठ, वर बर्फाचा चुरा, नेहमीसारखीच. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना माशांच्या पोटातले कृमी हा माझा अभ्यासाचा विषय, त्यासाठी ती ही आतडी माझ्यासाठी काढून ठेवायची. मी पैसे पुढे केले आणि नेहमीसारखाच तिनं हात मागे घेतला. मी निवृत्त झाले हे तिला ठाऊक आहे, नातू आमच्याच कॉलेजात आहे तिचा. तरी तिनं ठेवली. आणि मी घेतली.

घरी आल्यावर हे पिशवीकडे बघून म्हणाले, "आता कशाला?" मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मीनूला फोनवर यातलं काही सांगितलं नाही, ती लगेच पुण्याला ये म्हणेल.

आता कशाला, हे खरंच आहे. सूक्ष्मदर्शक कॉलेजचा, तो कॉलेजात राहिला. माझी जागा भरलेली नाही, भरेल असं कुणी म्हणतही नाही. रुपाली तासिका तत्त्वावर येते, तिला वर्षाच्या शेवटी पुढचं वर्ष आहे की नाही ते कळतं. कपाटात स्लाइड्स आहेत, खोक्यांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. ते कपाट हलवा, असं मी जाताना सांगून आले होते. हलवलं नसणार. हे सगळं माहीत असताना मी ती पिशवी का घेतली? कौशीबाईचं मन मोडायचं नव्हतं म्हणून, असं रस्त्यात मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे.

एवढ्या वर्षांत माशांची आतडी मागणारी बाई म्हणून या बाजारात माझी ओळख झाली. सुरुवातीला बायका नाकाला पदर लावून बघायच्या. कौशीबाईनं मात्र पहिल्याच वेळी विचारलं होतं, त्यात काय पाहता जी? मी तिथंच, तिच्या पाटीशेजारी बसून एक आतडं उभं चिरलं, बाटलीतल्या मिठाच्या पाण्यात हलवलं आणि तिला भिंगातून दाखवलं. मरळीच्या आतड्यातला काटेरी डोक्याचा कृमी होता, पॅलिसेंटिस. सोंड आत ओढायचा, बाहेर काढायचा. सोंडेवर बाकदार आकड्यांच्या ओळी, त्यांच्या आधारानं तो आतड्याच्या भिंतीत रुतून बसतो. ती बराच वेळ बघत राहिली. याच जातकुळीतल्या एका कृमीचं वर्णन कृमीतज्ज्ञ भालेरावांनी १९३१ साली केलं, मरळीतूनच, आणि त्याला नागपूरचं नाव दिलं, नागपुरेन्सिस. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मंग आपल्याकडचाच हाये. आपल्याकडचाच. वर्गात कितीदा हे सांगितलं असेल, इतक्या आपलेपणानं कुणी ऐकलं नाही.

पुढे मला कळलं की ती मरळीचा रंग बघून तलाव सांगते. गढूळ पाण्यातली फिकी, वनस्पती असलेल्या तलावातली काळपट. बाकी तिला आणखी काय दिसतं ते तिला सांगता येत नाही, पण जाळं टाकणाऱ्यांना विचारून मी ताळा केला तर ती बरोबर निघायची. माझ्या नोंदवहीत "तलाव" नावाचा रकाना आहे. तो कितीतरी पानांवर तिच्या तोंडूनच भरलेला आहे. प्रबंधात मी तिचे आभार मानले होते की नाही, आठवत नाही. उद्या बघते.

इथं तलावांना तोटा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांवर मामा तलाव. मुख्यतः कोहळी समाजानं बांधलेले, मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यावर माजी मालगुजारी झालेले, म्हणून मामा. त्यातलं प्रत्येक पाणी वेगळं. मरळीच्या यकृतात, मूत्रपिंडात पिवळसर गाठी सापडतात. त्या फोडल्या की आत पर्णकृमीचं पिल्लू, युक्लिनोस्टोमम. त्याचं मोठेपण माशात होतच नाही, ते बगळ्या-ढोकरीच्या घशात होतं. पक्ष्याकडून अंडी पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेला जीव गोगलगायीत शिरतो, तिथून असंख्य होऊन बाहेर पडतो आणि मासा गाठतो. मग तो मासा ढोकरीनं खायचा. म्हणजे एका मरळीच्या यकृतातली एक गाठ बघितली तरी त्या काठावर ढोकरी आहे, पाण्यात गोगलगाय आहे, हे घरी बसून कळतं. मुलांना मी हे बांधावर उभं करून शिकवायची. रोग म्हणून नका बघू, वस्ती म्हणून बघा, असं सांगायची. माझं हे म्हणणं आजही तेच आहे. ज्या तलावात नुसती रोहू-कतल्याची बोटुकली सोडली जातात आणि काठ खरवडून साफ होतो, तिथल्या मरळीची आतडी पुढेपुढे स्वच्छ येऊ लागली. लोक म्हणतात, बरं झालं की. मला ते कधी बरं वाटलं नाही. रिकामं आतडंही मी नोंदवायची, तारीख घालून, शून्य लिहून.

धानाच्या रोवणीच्या दिवसात बायकांचे पाय खाजून लाल व्हायचे. त्या पाण्याला दोष द्यायच्या. गाई-म्हशींच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी आहे, त्याची पिल्लं गोगलगायीतून धानाच्या बांधीतल्या पाण्यात उतरतात आणि म्हैस समजून माणसाच्या कातडीत शिरतात. पुढे जाता येत नाही, तिथंच मरतात, आणि ती खाज. एवढं समजलं की निदान भीती जाते. त्यातल्या काही बायका अजून रस्त्यात थांबवून बोलतात.

पण मी पुन्हा भरकटले. पिशवी का घेतली?

संध्याकाळी वाटत होतं, सवय. नंतर वाटलं, मला अजून कुणीतरी त्याच कामाची बाई समजतं हे सोडवत नाही. हे जास्त खरं आहे आणि ते लिहिताना घशाशी आलं. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी "शिक्षिका" म्हणून गौरवलं. कृमींचा कुणी शब्द काढला नाही. तेव्हा काही वाटलं नव्हतं, आज वाटतंय.

आणि कामाचं तरी काय राहिलं? गॅंगेसिया नावाच्या पट्टकृमीच्या भारत आणि आग्नेय आशियाच्या भागातून ४८ जाती नोंदलेल्या होत्या. २०१२ साली जुने नमुने आणि नवे नमुने शेजारी ठेवून तपासले गेले, आणि खऱ्या ठरल्या ४. बाकीची नावं गळाली. आक्रसलेला कृमी, जास्त दाबला गेलेला कृमी, त्याची मापं थोडी वेगळी आली की नवी जात, असं आपल्याकडे फार झालं. कित्येक जातींचे मूळ नमुने तपासायला मिळतच नाहीत, कुणाच्या कपाटात गेले कुणास ठाऊक. तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. लखनौच्या थापरांपासून या देशात किती माणसांनी आयुष्यं घातली यात. आता मात्र त्या लेखाचा राग येत नाही. नाव जाईल. अमुक तलावातल्या अमुक माशात, भाद्रपदात, हा कृमी होता, ही नोंद जात नाही.

जेवणं झाल्यावर मागच्या ओट्यावर दिवा लावला. ताटलीत मिठाचं पाणी केलं आणि आतडी उघडली. हे खुर्ची घेऊन शेजारी बसले, बोलले काही नाहीत, दिवा जरा अलीकडे सरकवला. पहिली दोन रिकामी. तिसऱ्यात पॅलिसेंटिस, जिवंत, सोंड आत-बाहेर करणारे. भिंगातून एवढंच दिसलं, पण पुरलं.

ते बघताना लक्षात आलं की मी संध्याकाळपासून चुकीचाच प्रश्न घेऊन बसले आहे. माझे जुने नमुने जवळजवळ सगळे फॉर्मलिनमधले. तेव्हा तीच रीत होती. फॉर्मलिन, मग कार्माइनचा रंग, अल्कोहोलच्या पायऱ्या, लवंगाचं तेल, स्लाइड. चित्र काढायला उत्तम, पण फॉर्मलिननं डीएनए खराब होतो. आज कुणाला यातलं कुठलं नाव टिकतं ते ठरवायचं असेल तर त्याच तलावातला, त्याच माशातला ताजा कृमी थेट अल्कोहोलमध्ये ठेवलेला हवा. तो कुठून येणार? आणि २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं वर्गातली चिरफाड थांबवल्यापासून मुलांच्या हाताला बाजारात विकल्या गेलेल्या माशाचं टाकाऊ आतडं तेवढंच येऊ शकतं. त्यासाठी एकही जीव मारावा लागत नाही. या सगळ्याला निवृत्तीचा काही संबंध नाही.

रुपालीला फोन लावला, उशीर झाला होता तरी. लॅबमध्ये ॲबसोल्यूट अल्कोहोलची बाटली आहे, सील न फोडलेली. कपाट हलवलेलं नाही. उद्या अकराला ती किल्ली घेऊन येते आहे, दुसऱ्या वर्षाची दोन मुलं घेऊन. आधी ओलीच्या बाजूचे खोके काढायचे. मग स्लाइड्सची यादी करायची: यजमान, तलाव, तारीख. वर्णन केलेल्या जातींचे मूळ नमुने वेगळे काढून कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे पाठवायचे, त्यासाठी प्राचार्यांचं पत्र लागेल. ते सही करायला वेळ लावतात, म्हणून मसुदा आजच लिहून ठेवला आहे.