कॉन्स्टेलेशन, भाग ४ : 'टी'ने घातलेला घोळ

मागच्या भागात मी छाती ठोकून लिहिलं होतं की काकूंचं ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळ १९६५च्या आधीचं असूच शकत नाही. ते विधान मागे घेतो. नुसतं इथे लिहिलं असतं तर चाललं असतं, पण मी ते काकूंनाही सांगून बसलो होतो. त्यांच्या वडिलांनी मे १९६३मध्ये, लग्नात, जावयाला दिलेलं घड्याळ, आणि मी म्हणालो, "काकू, हे लग्नातलं नसावं." त्या फक्त "असं होय" म्हणाल्या. ते "असं होय" तेव्हापासून डोक्यात आहे.

नवीन येणाऱ्यांसाठी दोन ओळी. आतलं मशीन ओमेगाचं ५६१ क्रमांकाचं, चोवीस ज्वेल (झीज कमी करणारे बारीक खडे), तांबूस रंगाचं. मशीनवरचा नंबर आठ आकडी, १९ने सुरू होणारा, म्हणजे नंबरवरून साल सांगणाऱ्या प्रचलित तक्त्यांप्रमाणे १९६२च्या आसपासचा. मागच्या झाकणाच्या आत केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीचा, नंबर १४९०२ आणि पुढे ६२ एससी, त्यातले ६२ म्हणजे साल. इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने नांदत होतं. भांडण लावलं डायलने. सहाच्या खाली, अगदी कडेला, 'टी स्विस मेड टी' छापलंय. 'टी' म्हणजे ट्रिशियम, अंधारात खुणा आणि काटे चमकावेत म्हणून मसाल्यात घालायचा किरणोत्सारी पदार्थ, आणि ही खूण साधारण १९६३नंतर दिसू लागते. त्यात झाकणाच्या आत कुणीतरी सुईने '८-६५' कोरलेलं. झालं! मी गोष्ट रचली: मशीन बासष्टचं, पण जोडणी उशिरा, विक्री पासष्टला. तक्त्यातलं साल मशीनचं असतं, विक्रीचं नव्हे, हे आपण सगळेच जाणतो, त्यामुळे गोष्ट बसलीही छान. ५६१ची जागा १९६६च्या सुमारास झटपट तारीख बदलणारं ५६४ घेऊ लागलं, म्हणजे वरची हद्दसुद्धा पाळली जात होती.

मागच्या शनिवारी रात्री लाइट गेले. यूव्ही टॉर्च हाताशी होता, म्हटलं ट्रिशियम उरलंय का बघू. त्याचं अर्धायुष्य बारा वर्षं आणि वर थोडे महिने, म्हणजे साठ वर्षांत बत्तिसावा हिस्सा उरणार, पण यूव्हीखाली जुना मसाला थोडा तरी उजळतो. (आपल्याकडे चमकणाऱ्या कशालाही रेडियमच म्हणतात, रिक्षामागच्या स्टिकरलासुद्धा, ते सोडा.) टॉर्च मारला. काही नाही. पुन्हा मारला. मग दहापटीचं भिंग लावून बारा खुणा एकेक करून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. उजळायला मसालाच नाही! खुणांच्या टोकाला ठिपके नाहीत, काटे सपाट, मध्ये फक्त काळी रेघ. ज्या डायलवर आणि काट्यांवर ट्रिशियमचा कणही नाही, त्यावर कारखाना 'टी' कशाला छापेल? दोन भाग मी त्या 'टी'वर खर्च केले आणि ट्रिशियम आहे कुठे, एवढं विचारलं नाही.

म्हणजे रिडायल, नंतर पुन्हा रंगवून छापलेली डायल. आपलं लाडकं 'मुंबई स्पेशल' (इथल्या अशा रंगकामाला आम्ही हेच म्हणतो), फक्त बऱ्या हातचं. छापणाऱ्याने बहुतेक नंतरच्या एखाद्या डायलचा ठसा वापरला आणि 'टी' त्यासोबत फुकट आला. आता डोळे उघडल्यावर बाकीचंही दिसतंय. डायलवरच्या 'सर्टिफाइड'मधली अक्षरं शाईने फुगून एकमेकांना टेकलीत. मिनिटांच्या रेघा सात आणि आठच्या खुणांपाशी केसभर सरकल्यात. डायल पाय-पॅन, म्हणजे उलट्या ठेवलेल्या ताटलीसारखी कडेला उतरती, त्या उताराची धार रंगाने बोथट झालीय. खरी धार बोटाला नाही तरी नजरेला लागते.

खात्री करायला डायल काढायचीच होती. आधी स्प्रिंग उतरवली, मग काटे. काट्यांखाली प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा ठेवला, एकही ओरखडा नाही (हा माझा या महिन्यातला एकमेव पराक्रम). मशीनच्या बाजूचे दोन बारीक स्क्रू अर्धा फेरा सैल केले. इथे बर्जन या स्विस कंपनीचाच स्क्रूड्रायव्हर हवा. स्वस्तातल्या नऊच्या सेटमधले पाच मी वाकवलेत, उरलेले चार चष्म्याला वापरतो. डायल अलगद सुटली, तिला मशीनवर धरणारे मागचे दोन्ही पाय शाबूत. मागे सुईने कोरलेला चार आकडी नंबर, कुठल्यातरी कारखान्याचा कामाचा नंबर असणार. डायलखाली, चावीच्या दांडीजवळच्या लिव्हरवर, विटकरी भुकटी. भाग २मध्ये चावी खरखरते म्हणून मी जुन्या तेलाला शिव्या घातल्या होत्या. तेल नव्हतं, गंज होता. आतपर्यंत पाणी गेलेलं.

खरं तर डायल परत रंगवायला पाठवायचा बेत होता. एकाशी बोलणंही झालं होतं, नमुन्याचे फोटो बघून मन उडालं, कॉन्स्टेलेशनच्या डायलवर असतो तो तारा जागेवरून हललेला. मग म्हटलं मूळ डायल शोधू. सुट्या मूळ डायलचे भाव ऐकून तेही राहिलं. शिवाय दुसऱ्याच घड्याळाची डायल आणून बसवायची आणि वर 'सगळं ओरिजिनल' म्हणायचं, हे जमायचं नाही. २०२१मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एकतीस लाख फ्रँकच्या वर गेलेलं ओमेगाचं ते स्पीडमास्टर घड्याळ आठवा. १९५७चं म्हणून विकलं, आणि २०२३मध्ये खुद्द ओमेगानेच ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं असल्याचं सांगितलं. हे लिहिता लिहिताच ठरवतोय: डायल आहे तीच राहील. आधी गंज.

तर साल. डायल बाद केली की मशीन बासष्ट, केस बासष्ट, आणि मे १९६३ला लग्न. बरोब्बर. '८-६५' म्हणजे पहिली सर्व्हिस, दोन वर्षांनी, शंका नको. एवढं जुळवून काल काकूंना फोन केला, माफी मागितली. आणि सहज विचारलं, डायल कधी बदलून घेतली होती का?

"बदलली नाही रे, रंगवून घेतली. दोन हजार पाचच्या पुरात तळमजला बुडाला ना आमचा कल्याणचा, कपाटासकट. काकांनी पंधरा दिवसांत घड्याळ टाकलं दुरुस्तीला, घर नंतर."

"काकू, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू मला पासष्ट सांगत होतास."

फोन ठेवला आणि झाकण पुन्हा भिंगाखाली घेतलं. टॉर्च वरून न मारता बाजूने, अगदी आडवा धरला. सहाची शेपटी कोरलेली नाहीच. ती झाकण उघडताना पडलेली चीर आहे, आठच्या अंगावरून येऊन शून्याला चिकटलेली. ८-०५. पूर २६ जुलैचा.

लिव्हर आणि तिची स्प्रिंग दोन्ही काढून ठेवलीत. ५६१ची चांगली लिव्हर कुणाकडे असेल तर कळवा, काकूंनी गणपतीपर्यंतची मुदत दिलीय.