स्टँड दिसला म्हणजे मेलेला?

"बुटांमागे स्टँडचा पाय दिसतोय ना? प्रेत उभं ठेवायलाच तो, मग माणूस मेलेलाच." विकायला ठेवलेल्या एका व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातल्या) फोटोबद्दल आज ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना.

अहो, उलट आहे! तो स्टँड जिवंतांसाठी. त्या काळच्या वेट प्लेटवर (ओल्या रसायनाचा थर दिलेल्या प्लेटवर) फोटो उमटायला काही सेकंद लागत, तेवढ्यात मान हलली की चेहरा पुसट. म्हणून मानेला मागून चिमट्याचा आधार. प्रेताचं वजन त्याला पेलणार कसं? गुडघे दुमडतील, मान लोंबेल.

डोळे पांढरट दिसतात म्हणून मेलेला? त्या काळच्या प्लेटला निळा रंग फार लवकर पकडता येई, त्यामुळे निळे डोळे फिकट उतरत. उन्हात रापलेले, लालसर हात मात्र काळे पडत. झालं, लोक म्हणतात प्रेताचे हात!

मृत्यूनंतरचे खरे फोटो बहुतेक आडवे: पलंग, शवपेटी, नाहीतर आईच्या मांडीवर डोळे मिटलेलं बाळ. बाळ नुसतं झोपलेलंही असू शकतं, म्हणून फोटो उलटून मागे काय आहे ते बघा. कार्डावर चिकटवलेल्या अमेरिकन फोटोच्या पाठीवर कराचं तिकीट असेल तर साल १८६४ ते १८६६.

आणि पेन्सिलीनं 'मृत्यूनंतर' लिहिलेलं असेल, तर ते कोणी लिहिलं? घरच्यांनी, की विकणाऱ्यानं?