कुटाचा डबा

आमच्या किराणाच्या यादीत पहिल्या ओळीला शेंगदाणे असतात. तांदूळ, डाळी, गूळ, चहापत्ती सगळे त्यांच्या मागून. गणपती पेठेत ज्या काकांकडून मी सामान भरते त्यांना हे इतकं पाठ झालंय की पिशवी पुढं करायच्या आत ते विचारतात, "घुंगरू देऊ का जाडा?" कुटाला घुंगरू आणि नुसता भाजून खायला जाडा, हे त्यांचं मत. माझंही तेच.

एवढे दाणे लागतात, कारण मी दूध सोडलंय. दूध, दही, ताक, लोणी, तूप, आणि त्यांच्या रांगेत मधही. अंडी-मटण माहेरी कधी नव्हतंच, त्यामुळं ते सोडल्याचं पुण्य माझ्या नावावर लागत नाही. नवरा दुधाचाच चहा पितो, त्याचं पातेलं वेगळं. का सोडलं असं कुणी विचारलं तर मी थोडक्यात सांगते. म्हैस व्याली आणि रेडी झाली की घर खूश, रेडा झाला की त्याच्यासाठी सडाला दूध किती ठेवायचं यावर कुरबूर, हे लहानपणापासून बघत आले होते. पुढं कधीतरी ते बघवेना. त्याहून जास्त बोललं की त्याचं प्रवचन होतं, आणि प्रवचनाला सांगलीत माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत.

लोकांना तसाही त्यात रस नसतो. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "परवडतं का गं हे?" आमच्या पतसंस्थेत डबा उघडला की हमखास. त्यांची चूक नाही. त्यांनी मॉलमध्ये बदामाच्या दुधाचं खोकं पाहिलेलं असतं, टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, पाकिटावरची किंमत वाचलेली असते. त्या एक लिटरच्या खोक्याच्या पैशात माझे दोनेक किलो शेंगदाणे येतात. 2022 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा पाकिटांवर व्हेगनचं, म्हणजे प्राण्यापासूनचं काहीही नसल्याचं, वेगळं चिन्ह छापतात, हिरव्या रंगातलं इंग्रजी व्ही, वर एक पान. सोय चांगली आहे, पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसावं लागत नाही. पण पोत्यातल्या दाण्यावर, शाळूवर, मटकीवर, गुळाच्या ढेपेवर ते चिन्ह कोण छापणार? आणि माझं बहुतेक जेवण पोत्यातूनच येतं.

हे जेवण मला शिकवलं सासूबाईंनी. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. सासर खानापूर तालुक्यातलं, माळरानावरचं, कोरडवाहू. दारात कायम दोन म्हशी. आता कुणालाही वाटेल की अशा घरात दुधाच्या घागरी भरून वाहत असतील. दूध होतं, पण ते सकाळ-संध्याकाळ किटलीतून डेअरीला जायचं. फॅट लागेल तसा भाव, आणि दहा दिवसांनी पैसे हातात. त्या पैशावर वह्या-पुस्तकं, पेंड, औषधपाणी, लग्नकार्याचा आहेर. घरात मागं राहायचं ते दूध तान्ह्या पोराला, बाळंतिणीला आणि पाहुण्याच्या चहाला. बाकी सगळ्यांना गुळाचा कोरा चहा. तूप सणासुदीला, तेही चमच्याच्या टोकानं. रोजच्या ताटात भाकरी, खर्डा, एखादी पालेभाजी आणि कूट. आत्यांचं यावर एक वाक्य आहे, "म्हशी आमी राखल्या, दूध डेअरीनं प्यालं."

इंग्लंडात 1944 साली काही मंडळींनी दूध-अंडी न खाणाऱ्यांची सोसायटी काढली आणि तिला व्हेगन सोसायटी असं नाव दिलं. त्या काळी खानापूर-आटपाडी-जतच्या माळावर किती बायका न ठरवता बिनदुधाचं जेवत होत्या, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. नाइलाजानं खाणं आणि ठरवून खाणं यात मोठा फरक आहे, हे मला कळतं. पण चुलीवरचं पातेलं तेच होतं. बिनदुधाचा स्वयंपाक कसा चवदार करायचा, हे ज्यांचा सगळा जन्म म्हशीच्या शेणामुतात गेला त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

म्हणूनच मी दूध सोडलं तेव्हा आत्यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांना राग आला नाही, वाईट वाटलं. "आता कुटं मिळाया लागलंय, तर तू सोडतीस?" त्यांच्या लेखी दुधाचा चहा म्हणजे दिवस पालटल्याची खूण. पोराला नोकरी लागली, आता सून भरल्या कपानं चहा पिणार, एवढं साधं स्वप्न त्यांनी पाहिलं होतं, आणि सून मात्र त्यांच्याच जुन्या कोऱ्या चहाकडं वळली. याला माझ्याकडं उत्तर नाही. शिवाय नवऱ्याचं शिक्षण त्या किटलीतल्या दुधावर झालंय. सगळा जिल्हाच दुधाचा. भिलवडीला चितळ्यांनी 1939 साली धंदा सुरू केला, त्याच्या आधीपासून इथं गोठे आहेत. अशा मुलखात मी कुणाच्या दारात उभी राहून दूध सोडा म्हणून सांगणार? माझ्या ताटापुरतं मी बघते.

ते ताट उभं आहे कुटावर. कूट करणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दाणे आधी निवडायचे. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे बाजूला काढून सरळ फेकायचे, कारण त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. काटकसरीच्या नादात जुने, फुटके दाणे स्वस्तात घेणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. पैसे वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत. मग लोखंडी कढई, मंद आच, आणि सारखा हात हलता. मोठ्या आचेवर दाणा वरून काळा होतो आणि आत कच्चा राहतो. तडतड थांबत आली, सालं सुटायला लागली की उतरवायचे. पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. हाताने चोळायचे, सुपात पाखडायचे, फोलपटं उडवून लावायची. फ्लॅटच्या बाल्कनीत पाखडलं तर खालच्या मजल्यावरून आवाज येतो, तेवढं सांभाळायचं.

आणि हे कूट करतं काय, तर दूधदुभत्याची जवळजवळ सगळी कामं. हॉटेलवाले जिथं साय घालतात तिथं आम्ही दोन चमचे कूट घालतो, रस्सा दाट होतो. कोशिंबिरीला दह्याऐवजी कूट, लिंबू आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. उपासाला खिचडी आहेच. भाजी नसेल त्या दिवशी शेंगदाण्याचा म्हाद्या, म्हणजे कुटाचं दाट कालवण, त्याला तर दुसरं काही लागतच नाही. तिखट मारायलाही कूटच. आमच्याकडची चटणी, म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेला कांदा-लसणाचा मसाला, तोंड पोळतो तो मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळं. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून लोक तिखट लागलं की दूध पितात. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, मग तोच गुण त्यात येणारच. वर पाव भाग प्रथिनं. खर्ड्यात दाणे घालायची रीत ज्या बाईनं काढली तिनं यातलं काही वाचलं नसणार, जिभेनं तिला सांगितलं असणार.

कृष्णाकाठच्या वांग्याची भरली भाजी तर कुटावाचून होतच नाही. त्या भाजीची एक गंमत आहे. आपण तिला अगदी अस्सल मातीतली म्हणतो, पण तिच्यात वांगं तेवढं या मुलखातलं. मिरची मेक्सिकोकडची आणि भुईमूग दक्षिण अमेरिकेकडचा, दोघेही गेल्या चार-पाचशे वर्षांत इकडं आलेले. त्याआधी वांग्यात तीळ, कारळं, जवस भरत असावेत. ते तिघंही आमच्या फळीवर आहेत. दाण्याचा भाव चढला की त्यांची पाळी येते. जवसाची चटणी भाकरीवर घालून वर घाण्याचं तेल सोडलं की तुपाची आठवण येत नाही. गरम वरणभातावर मात्र येते, खोटं कशाला बोलू. तिथं मी लसणाची फोडणी घालते आणि विषय बदलते.

दाण्याचं दूधही होतं. वाटीभर दाणे रात्री भिजवायचे, तीन-चार वाट्या पाण्यात वाटायचे, फडक्यातून पिळायचे. ते तापवून कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून उबेला ठेवायचं. देठावरचे जिवाणू आपलं काम करतात आणि दही लागतं. त्याची कढी फर्मास होते. ताक म्हणून ते कुणाला फसवू शकणार नाही, तसा प्रयत्नही करू नये.

सोयाबीनचं दूध त्याहून स्वस्त. आमच्या सगळ्या शिवारात पावसाळ्यात सोयाबीनच सोयाबीन, आणि खाणारं एकही घर नाही. सगळं पीक गिरणीला जातं, तेल आपल्याला आणि पेंड कोंबड्यांना. मी सासरहून थोडं मागून आणते. रात्रभर भिजवून सालं काढायची आणि उकळत्या पाण्यात वाटायचं, गार पाण्यात वाटलं की कच्चा उग्र वास राहतो. मग गाळून चांगलं उकळायचं. कच्चं सोयाबीन पचायला वाईट, त्यामुळं इथं घाई नको. उरलेला चोथा थालीपिठात, कांदा आणि चटणी घालून. चहात मात्र हे दूध पातेलं उतरवल्यावर घालायचं, उकळत्या चहात नासतं. इतकं सगळं करून शेवटी मी रोज काय पिते, तर गुळाचा, आल्याचा, गवती चहा घातलेला कोरा.

चहा हीच खरी अडचण आहे. पैशाची अडचण कधी आली नाही, माणसांची आली. सांगलीत कुणाच्या घरी जाऊन चहाला नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. "थोडासा तरी," "दूध घरच्या म्हशीचं आहे," "मग कॉफी करू?" कॉफीत दूध नसतं असं त्यांना का वाटतं, देव जाणे. आता मी दारातूनच सांगते, "काकू, मला कोरा करा, आलं ठेचून." काहीतरी करायला सांगितलं की माणसं समाधानी होतात. सत्यनारायणाचं पंचामृत तळहातावर घेऊन मस्तकाला लावते आणि प्रसादाचं केळं मागून घेते. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मागवताना लोणी नको हे दोनदा सांगावं लागतं, कारण वाढणारा पोरगा प्रेमानं वरून गोळा सोडतो. लग्नात मसालेभात, बटाट्याची भाजी, लोणचं, पापड. भात तुपात केलेला असतो कधी कधी, आचाऱ्याला आधी विचारलं तर तो खरं सांगतो. एकच दिवस असा की काहीच विचारावं लागत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं यांची तिळाच्या आणि दाण्याच्या कुटातली भाजी. लोण्याचा गोळा बाजूला असतो, तो शेजारच्या ताटात सरकवला की झालं.

चपलांचं आणि बाकीच्या गोष्टींचं विचाराल तर जे घरात आहे ते झिजेपर्यंत वापरते. चामड्याची धड चप्पल टाकून देऊन नवी घेणं माझ्या पगाराला मानवत नाही.

बी-12चं मात्र थट्टेवारी नेऊ नये. ते जीवनसत्त्व झाडापानातून मिळत नाही, कितीही मोड काढा, कितीही पालेभाजी खा. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची, बस. कॅल्शियमची काळजी त्या मानानं कमी. 100 ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, आणि तिळात तर नाचणीच्याही पुष्कळ पुढं.

आत्यांचं आता माझ्या न पिण्याशी भांडण उरलेलं नाही. भांडण कुटावरून आहे. मागं सांगलीला आल्या तेव्हा मी मिक्सरला लावलेलं कूट त्यांनी चिमटीत धरून उजेडात बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय, पीठ केलंयस का?" त्यांना कूट उखळातलं लागतं, दाताखाली येणारं, जाडंभरडं. मी म्हटलं, "आत्या, जाडं वांग्याला बरं, कोशिंबिरीला बारीकच पाहिजे." त्या म्हणाल्या, कोशिंबिरीलाच तर जाडं पाहिजे, न्हाईतर पाणी सुटून लगदा होतो. मी म्हटलं, पाणी मिठानं सुटतं, कुटानं नाही. हे बराच वेळ चाललं. शेवटी नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "दोन्ही चांगलंच लागतं की." त्यावर आत्यांनी भाजलेल्या दाण्यांचं सूप उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि त्याला बाल्कनीत पाखडायला पाठवलं.