तात्यांची रायफल आणि नवीन नळी

नवीन नळी बसवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आलं की काका आधी चहा मागवतात. नकार समजावून सांगायला वेळ लागतो ना! कोल्हापुरात त्यांचं शस्त्रविक्री आणि दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि तिथेच राहिलो. आमच्याकडे येतं ते मुख्यतः बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकांचं काम. कमानी तुटलेली असते, दस्त्याला चीर गेलेली असते. निवडणुकीची आचारसंहिता उठली की पोलीस ठाण्यात जमा झालेल्या बंदुका परत मिळतात आणि मग गंज काढायला रांग लागते. रायफल क्वचितच येते.

तात्या आले ते दोडामार्गाकडून. काजू-सुपारीची बाग, शेतीसंरक्षणाचा परवाना, आणि वडिलांकडून वारसाने आलेली .315 ची ईशापूर रायफल. ही रायफल म्हणजे लष्कराच्या ली-एनफिल्डची बहीणच. इंग्रजांच्या काळापासून .303 हा लष्करी बोअर (नळीच्या भोकाचं इंचातलं माप) सामान्य माणसाला बंद, म्हणून बंगालच्या ईशापूर कारखान्यात त्याच घडणीवर .315 बोअरची रायफल निघाली. शिकारीच्या हौसेने घेतलेल्या अशा कितीतरी रायफली 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर माळ्यावर गेल्या. आता डुकरावर गोळी झाडायची तरी वनखात्याची परवानगी लागते.

"गोळी खंय जाता, ता तिकाच ठाऊक," तात्या म्हणाले. "माका नवीन नळी होयी."

इथवर नेहमीचंच. पण तात्यांच्या मागून आणखी एक माणूस आत आला. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, नखांत ग्रीस. उद्यमनगर या आमच्या कारखान्यांच्या वस्तीतला लेथवाला मिस्त्री. तात्यांच्या पंपाचे शाफ्ट तोच करून देतो. त्याने पिशवीतून मायक्रोमीटर काढला आणि काकांना म्हणाला, "मालक, जुनी नळी उतरवून मला फक्त मापं घेऊ द्या. आठवड्यात नवीन देतो."

काकांनी मायक्रोमीटर हलकेच बाजूला सरकवला आणि चहा मागवला.

पुढचा तासभर मी जे ऐकलं, तसं आमच्या दुकानात पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मिस्त्री बढाया मारणारा नव्हता. स्टील कुठलं घेणार, असं काकांनी विचारलं. तो म्हणाला, ईएन-19, हार्डन-टेंपर केलेलं. काकांनी मान डोलावली, कारण जगभरातल्या कितीतरी नळ्या त्याच जातीच्या क्रोम-मॉली स्टीलच्या होतात. भोक कसं पाडणार? पुण्याकडे लांब, सरळ भोक पाडणारे गनड्रिलवाले आहेत. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा? ब्रोच, म्हणजे दातेरी हत्यार आतून ओढून, करून घेऊ. आटे? यावर तो नुसता हसला. उद्यमनगरच्या माणसाला आटे पाडता येतात का म्हणून विचारायचं नसतं.

मग काकांनी कठीण प्रश्न काढले. नळी आट्यांवर घट्ट बसताना खुणेवर यायला हवी, नाहीतर नेम धरायची पुढची माशी वाकडी बसते. काडतुसाच्या बुडाची कड आणि नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टचं तोंड यांत किती फट ठेवायची? कमी ठेवली तर बोल्ट बंद होत नाही. जास्त ठेवली तर काडतुसाचं पितळ मागे ताणून फाटतं आणि गॅस थेट डोळ्यावर येतो. एनफिल्डच्या बोल्टचं पुढचं डोकं सुटं असतं आणि वेगवेगळ्या लांबीचं मिळायचं, ते याचसाठी. .303 चा दाब दर चौरस इंचाला सुमारे 18 टन, आणि ही त्याच जातीची. चूक झाली तर ती गालापाशी फुटते. मिस्त्रीने वही काढून हे सगळं लिहून घेतलं, तेव्हा मला थोडी भीतीच वाटली. हा गडी खरंच करेल!

काकांनाही तेच वाटलं असावं. ते उठले आणि फळीवरून 1959 चा शस्त्र कायदा काढून आणला. कलम 2 मध्ये 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. म्हणजे नुसती नळी, रायफलीला न लावलेली, टेबलावर पडलेली असली तरी ते शस्त्रच. परवान्याशिवाय ती बनवायची म्हणजे कलम 5 चा भंग, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत.

"पाईप म्हणून केला तर?" मिस्त्रीने विचारलं.

"खाचा पाडलेला पाईप कुठल्या पंपाला लागतो, ते जजसाहेबांना सांग."

मिस्त्रीने वहीतलं ते पान फाडलं, चुरगाळलं आणि आमच्याच टोपलीत टाकलं. ज्याला जमतं त्याला परवानगी नाही आणि ज्याला परवानगी आहे त्याच्याकडे नळी नाही, असा हा सगळा मामला आहे. आमचा परवाना दुरुस्तीचा, नळी घडवण्याचा नाही. ईशापूरला पत्र पाठवता येतं, ते काकांनी तिथेच लिहायला घेतलं. पण त्यावर बागेतलं डुक्कर थांबत नाही.

तात्या गप्प बसले होते. मिस्त्रीला मात्र राहवेना. "निदान झिजलीय कुठं ते तरी बघू," म्हणाला. काकांनी बोल्ट काढून रायफल व्हाइसमध्ये धरली. मागच्या बाजूने उजेडात पाहिलं तर काडतुसाच्या घराच्या पुढचा भाग, जिथे दारूची आच सर्वांत जास्त लागते, बऱ्यापैकी शाबूत होता. म्हातारीने गोळ्या फार झाडलेल्या नव्हत्या. मिस्त्रीच्या पिशवीत पिन गेजचा, म्हणजे भोक मोजायच्या नेमक्या जाडीच्या पिनांचा, डबा होता. मागून बेताने जाणारी पिन निवडली, तिच्याहून एक जाड घेतली आणि नळीच्या पुढच्या तोंडातून घातली. ती सुळकन आत गेली, इंचभर सरकली आणि अडकली.

"गज कुठनं घालता?" काकांनी विचारलं.

"तोंडातनं. बाबा तसोच घालीत."

लोखंडी गज. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळला की मिठासारखा क्षार मागे राहतो, तो कोकणातली ओल ओढतो आणि नळी गंजते. म्हणून तात्यांचे वडील नेमाने नळी घासत. घासायचे मात्र चुकीच्या बाजूने. गज दरवेळी एकाच कडेला टेकून तिथल्या खाचांच्या धारा पुसल्या गेल्या होत्या. गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी गॅस एका बाजूने आधी निसटायचा आणि गोळीच्या शेपटीला धक्का बसायचा.

सोपा उपाय म्हणजे झिजलेलं तोंड कापून टाकायचं. पण कलम 6 प्रमाणे नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. काका हे सांगत असतानाच मिस्त्री म्हणाला, "कापायची कशाला? आतनं काउंटरबोअर मारा, तोंडाकडचं झिजलेलं भोक थोडं रुंद करून टाका. लांबी तेवढीच राहते, धार नवी मिळते."

काकांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. ही युक्ती त्यांना ठाऊक होती, परदेशातल्या जुन्या लष्करी रायफलींना असं केलेलं त्यांनी पाहिलंही होतं. पण या मापाचं हत्यार आमच्याकडे नव्हतं. मिस्त्री पिनेचं माप टिपून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी काउंटरबोअरचं हत्यार घेऊन आला, पुढे नळीत सरळ धरून ठेवणारा पितळी दांडा, म्हणजे पायलट, असलेलं. पायलट नळीत असा बसला की हलवला तरी वाजेना. रायफलीला मात्र त्याने हात लावला नाही. कोपऱ्यात स्टूल घेऊन बसला आणि काका हाताने, तेल सोडत, सव्वा इंच आत उतरत गेले तसा मान लांब करून बघत राहिला. शेवटी आतल्या नव्या कडेवर पितळी गोल डोक्याचा स्क्रू आणि लॅपिंग पेस्ट (बारीक घासणारा लेप) लावून कड एकसारखी केली. हे काम मला करायला मिळालं.

बिल ऐकून तात्या नाराज झाले. नव्या नळीसाठी त्यांनी सुपारीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते, आणि त्या मानाने हा आकडा इतका लहान की काम झालंय यावर त्यांचा विश्वास बसेना. मिस्त्रीने हत्याराचे पैसे घेतले नाहीत. दुरुस्तीचा परवाना काढायचा तर अर्ज कुणाकडे करायचा, एवढंच विचारलं. काकांनी जिल्हाधिकारी कार्यालयातली खिडकी सांगितली आणि पोलीस चौकशीला किती काळ लागतो तेही.

महिन्याभराने तात्यांच्या मुलाने रेंजवरच्या कागदाचा फोटो पाठवला. गोळ्यांची भोकं तळहाताखाली झाकली गेली असती. खाली तात्यांचा निरोप होता: ईशापूरचं उत्तर इला काय? नळी गावली तर कळवा.